सत्तेच्या शिवणी : फिलाडेल्फिया ते जोन्स पॉइंट, सात दिवस

वॉशिंग्टनला जाणारे बहुतेक जण चेरीच्या फुलांची तारीख बघून तिकिटं काढतात. अमेरिकेचा राज्यकारभार चालताना बघायचा असेल, तर मात्र आधी तीन कॅलेंडरं शेजारी शेजारी मांडावी लागतात. सर्वोच्च न्यायालयात तोंडी युक्तिवाद ऑक्टोबर ते एप्रिल या काळात ठरावीक आठवड्यांतच होतात, तेही सोमवार ते बुधवार. काँग्रेस (म्हणजे तिथली संसद, पक्ष नव्हे) कधी भरलेली असते, कधी सदस्य मतदारसंघांत गेलेले असतात. मेरीलँड राज्याचं विधिमंडळ जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारपासून वर्षाला फक्त ९० दिवस बसतं. फेब्रुवारीची अखेर ते मार्चची अखेर या टप्प्यात तिन्ही एकत्र गाठता येतात. खालचा कार्यक्रम शनिवारी सुरू होतो तो याच हिशेबानं.

इमारती भव्य आहेतच. पण त्यांच्याइतकंच लक्ष त्यांच्या मधल्या रस्त्यांकडे, नद्यांकडे आणि सीमांकडे द्यावं. एकाची सत्ता संपून दुसऱ्याची सुरू होते ती शिवण तिथं उघडी दिसते, आणि भांडणं नेहमी शिवणीवरच उसवतात.

दिवस पहिला, शनिवार : फिलाडेल्फिया

इंडिपेंडन्स हॉलचं तिकीट मोफत असतं, पण मार्च ते डिसेंबर वेळ ठरवून घ्यावी लागते. ऑनलाइन नोंदणीला माणशी १ डॉलर पडतो. आयत्या वेळी जाऊन शनिवारी मिळेल अशा भरवशावर राहू नये. वेळेच्या अर्धा तास आधी सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहावं, कारण फेरी चुकली तर पुढच्या फेरीत जागा मिळेलच असं नाही.

आत रेंजर (इथला सरकारी मार्गदर्शक) आधी पेनसिल्व्हेनियाच्या जुन्या न्यायालयाची खोली दाखवतो, मग समोरचं सभागृह. इथं २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ या काळात राज्यघटना लिहिली गेली. एकूण ५५ प्रतिनिधी येऊन गेले, सह्या ३९ जणांनी केल्या, आणि ऱ्होड आयलंडनं तर कुणाला पाठवलंच नाही. खुर्च्या-टेबलं बहुतेक त्या काळातली पण दुसरीकडून आणलेली आहेत. अध्यक्षस्थानची, पाठीवर अर्धा सूर्य कोरलेली खुर्ची मात्र खरी वॉशिंग्टनची.

गर्दी इथूनच लिबर्टी बेलकडे वळते. तिला जाऊ द्यावं आणि त्याच आवारातल्या दोन बाजूच्या इमारती बघाव्यात. सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर काँग्रेस हॉल आहे. १७९० ते १८०० या काळात देशाची राजधानी फिलाडेल्फियात होती, तेव्हा प्रतिनिधिगृह या इमारतीच्या तळमजल्यावर भरायचं आणि सिनेट वरच्या मजल्यावर. जिना चढून वर गेलं की फरक लगेच कळतो. खालचं दालन साधं, वर प्रत्येक सिनेटरला स्वतंत्र मेज आणि खुर्ची. सिनेटनं १७९५ च्या डिसेंबरपर्यंत कामकाज बंद दाराआड चालवलं. पाचव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचा ओल्ड सिटी हॉल फार कमी लोक बघतात. सर्वोच्च न्यायालय १७९१ पासून १८०० पर्यंत इथं, शहराच्या महापौरांच्या न्यायालयासोबत जागा वाटून घेऊन बसत असे.

संघराज्याचं पहिलं मोठं भांडण याच जागी १७९३ मध्ये निकालात निघालं. जॉर्जिया राज्यानं युद्धकाळात घेतलेल्या मालाचे पैसे थकवले होते. साउथ कॅरोलायनातल्या एका मृत व्यापाऱ्याचा व्यवस्थापक चिझम यानं थेट राज्यावर दावा लावला. जॉर्जियाचं म्हणणं असं, की आम्ही सार्वभौम राज्य आहोत, आम्हाला कोर्टात कोण खेचणार? राज्यानं उत्तर द्यायला वकीलही उभा केला नाही. चार विरुद्ध एक मतांनी राज्य हरलं. बाकीच्या राज्यांना त्याचा एवढा धसका बसला, की दोन वर्षांत, फेब्रुवारी १७९५ मध्ये, अकरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि परराज्यातल्या नागरिकानं राज्यावर असा दावा लावण्याची वाट बंद झाली. न्यायालयाचा निकाल फिरवण्यासाठी घटनाच बदलण्याची ही पहिली वेळ.

आता एक चौक उत्तरेला, सहावा रस्ता आणि मार्केट स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर या. अध्यक्षांचं घर इथं होतं. वॉशिंग्टन आणि त्यांच्यानंतर जॉन ॲडम्स इथं राहिले. घर कधीच पाडलं गेलं, पाया तेवढा काचेखाली दिसतो. सत्तेच्या दोन शिवणी इथं एकमेकींना छेदतात, म्हणून इथं घाई करू नये. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार बाहेरच्या माणसानं आणलेली गुलाम व्यक्ती राज्यात सलग सहा महिने राहिली तर तिला मुक्त होता येत असे. काँग्रेसच्या सदस्यांना यातून सूट होती, पण अध्यक्ष आणि त्यांच्या मंत्र्यांना नव्हती, कारण कायदा झाला तेव्हा अध्यक्ष हे पदच नव्हतं. ॲटर्नी जनरल एडमंड रँडॉल्फ यांच्या घरच्या गुलामांनी याच कायद्यावर बोट ठेवून स्वातंत्र्य मिळवलं. वॉशिंग्टन सावध झाले. सहा महिने भरण्याआधी घरातल्या गुलामांना व्हर्जिनियाला किंवा नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला नेऊन आणायचं, म्हणजे दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ही पळवाट १७८८ च्या दुरुस्तीनं बंद झाली होती, तरी हे चालूच राहिलं. देशाचा अध्यक्ष एका राज्याच्या कायद्याला चुकवत होता आणि राज्याची हद्द हेच त्याचं साधन होतं. त्या घरातल्या नऊ गुलामांपैकी ओनी जज १७९६ मध्ये निसटली ती थेट न्यू हॅम्पशायरला पोचली.

जेवणाच्या बिलावर ८ टक्के विक्रीकर दिसेल : ६ राज्याचे, २ फिलाडेल्फिया शहराचे. अमेरिकेत छापील किमतीत कर धरलेला नसतो. पेनसिल्व्हेनियात कपड्यांवर कर नाही, त्यामुळे थंडीचं जाकीट विसरलं असेल तर इथंच घ्यावं.

दिवस दुसरा, रविवार : पुतळे, बँक आणि दोन तासांत चार हद्दी

सकाळी आर्च स्ट्रीटवरचं नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटर. तिकीट आहे. वरच्या मजल्यावरच्या दालनात प्रतिनिधींचे ४२ ब्राँझचे पूर्णाकृती पुतळे जमिनीवरच उभे आहेत, चौथरा नाही. सह्या ३९ जणांच्या, मग हे तीन जास्तीचे कोण? शेवटपर्यंत थांबून सही नाकारणारे रँडॉल्फ, जॉर्ज मेसन आणि एल्ब्रिज गेरी. त्यांना शोधून काढावं. मेसन यांची मोठी तक्रार होती की मसुद्यात नागरिकांच्या हक्कांची यादीच नाही. ती यादी १५ डिसेंबर १७९१ ला पहिल्या दहा दुरुस्त्यांच्या रूपानं आली. दहावी दुरुस्ती राज्यांच्या कामाची : केंद्राला न दिलेले आणि राज्यांना मना न केलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. भारतात हे उलट आहे, उरलेसुरले अधिकार संसदेकडे जातात.

परतताना चेस्टनट स्ट्रीटवरची ग्रीक देवळासारखी इमारत बाहेरून बघितली तरी पुरे. ही सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स. तिच्या बॉल्टिमोर शाखेवर मेरीलँडनं १८१८ मध्ये कर लावला : नोटा छापायला राज्याचा मुद्रांक लावलेला कागद घ्या, नाहीतर वर्षाला १५,००० डॉलर भरा. शाखेचा रोखपाल मॅककलक यानं दोन्ही नाकारलं. १८१९ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी एकमताच्या निकालात दोन गोष्टी ठरवल्या. घटनेत ‘बँक’ हा शब्द नसला तरी दिलेली कामं पार पाडायला योग्य ती साधनं काँग्रेस वापरू शकते. आणि कर लावण्याच्या अधिकारात नष्ट करण्याचाही अधिकार येतो, म्हणून राज्याला केंद्राच्या संस्थेवर कर लावता येणार नाही. हा कर मंजूर करणारी सभा जिथं बसली होती, ती इमारत गुरुवारी येईल.

दुपारी थर्टिएथ स्ट्रीट स्टेशनवरून ॲमट्रॅक. वॉशिंग्टनला दोन तासांच्या आत-बाहेर पोचते. भाडं विमानासारखं चढतं, म्हणून आधी काढावं. सुमारे वीस मिनिटांत विल्मिंग्टन येतं, म्हणजे डेलावेअर. ७ डिसेंबर १७८७ ला घटनेला पहिली मान्यता देणारं हे राज्य, आणि इथं विक्रीकर शून्य. मग मेरीलँड, त्यातलं सस्क्वेहाना नदीचं रुंद पात्र, आणि शेवटी राजधानीचा कोलंबिया डिस्ट्रिक्ट. गाडीतून उतरायच्या आत चार वेगवेगळी करव्यवस्था, फौजदारी कायदे आणि दारूचे नियम मागे पडलेले असतात. दारू पिण्याचं वय मात्र सगळीकडे २१, आणि तेही राज्यांना हुकूम देऊन नव्हे. १९८४ च्या कायद्यानं काँग्रेसनं एवढंच म्हटलं, की वय २१ नसेल तर महामार्गाच्या निधीतला काही टक्के भाग मिळणार नाही. साउथ डकोटा भांडायला गेलं, १९८७ मध्ये हरलं. हुकूम देता येत नाही तिथं पाकीट दाखवायचं, ही दिल्लीतही चांगलीच ओळखीची युक्ती.

दिवस तिसरा, सोमवार : सर्वोच्च न्यायालय

पत्ता लिहून घेताना एक चूक हमखास होते. वॉशिंग्टनमध्ये फर्स्ट स्ट्रीट एक नाही. कॅपिटॉलच्या (काँग्रेसच्या इमारतीच्या) मध्यापासून शहराचे चार भाग पडतात, म्हणून पत्त्याच्या शेवटची दोन अक्षरं महत्त्वाची. न्यायालय ‘एनई’ (ईशान्य) मध्ये आहे. ‘एनडब्ल्यू’ (वायव्य) टाकून टॅक्सी बोलावली तर कॅपिटॉलच्या मागच्या बाजूला उतराल.

युक्तिवाद सकाळी १० ला सुरू होतो. प्रेक्षकांच्या जागांसाठी आता काही आठवडे आधी ऑनलाइन सोडत निघते. तिच्यात नंबर नाही लागला तर रांगेतल्या थोड्या जागांसाठी पहाटेच उभं राहावं. गाजणारा खटला असेल तर तेही विसरावं. समोरच्या भव्य पायऱ्या चढून ब्राँझच्या दारातून आत जाता येत नाही. २०१० पासून प्रवेश बाजूनं आहे, बाहेर पडताना मात्र पायऱ्या उतरू देतात. फोन, कॅमेरा, घड्याळासारखी इलेक्ट्रॉनिक वस्तू आत चालत नाही.

भारतीय सर्वोच्च न्यायालय दोन-तीन न्यायमूर्तींच्या अनेक पीठांत चालतं. इथं नऊच्या नऊ जण प्रत्येक खटल्याला एकत्र बसतात आणि वर्षाला साठ-सत्तर खटलेच ऐकतात. मध्ये सरन्यायाधीश, मग ज्येष्ठतेनुसार एकदा उजवीकडे एकदा डावीकडे. प्रत्येक बाजूला साधारण अर्धा तास. वकिलाच्या मेजावर रोज पांढरी पिसांची लेखणी ठेवलेली असते, ती तो आठवण म्हणून घरी नेतो. बोलायच्या स्टँडवर दोन दिवे आहेत. पाच मिनिटं उरली की पांढरा, वेळ संपली की लाल. पहिली दोनेक मिनिटं वकिलाला सलग बोलू देतात, मग प्रश्नांचा मारा सुरू होतो. खटल्याचा मुद्दा आधी वाचला नसेल तर दहाव्या मिनिटाला डोळे मिटतात. न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक खटल्यातला कायद्याचा प्रश्न पानभरात मांडलेला असतो, तो आदल्या रात्री वाचावा.

खालच्या मजल्यावर मार्शल यांचा बसलेला पुतळा आहे. १८०३ च्या मार्बरी खटल्यानं न्यायालयाला कायदा रद्द करण्याचा अधिकार मिळाला, हे शाळेतही शिकवतात. गंमत अशी, की मार्बरीची नेमणूक ज्या कागदावर होती तो त्याला पोचवायचं राहून गेलं होतं परराष्ट्रमंत्र्याच्या कचेरीतून, आणि तो मंत्री म्हणजे खुद्द मार्शल. आज एवढ्यावरून कुठलाही न्यायाधीश खटल्यातून बाजूला झाला असता.

भारतीय वाचकासाठी याहून जवळचा खटला जगदीश राय चढ्ढांचा. जन्म केनियात, आईवडील भारतीय, पासपोर्ट ब्रिटिश. १९६६ मध्ये विद्यार्थी व्हिसावर आले, मुदत १९७२ मध्ये संपली. १९७४ मध्ये इमिग्रेशनच्या न्यायाधीशानं त्यांची हकालपट्टी स्थगित केली. पण कायद्यात अशी तरतूद होती की काँग्रेसच्या कुठल्याही एका सभागृहाला साध्या ठरावानं ही स्थगिती उडवता येईल. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहानं ३४० जणांच्या यादीतली सहा नावं अशी उडवली, त्यात चढ्ढा होते. १९८३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयानं ही पद्धतच घटनाबाह्य ठरवली. कायद्याचा परिणाम करणारी कृती करायची तर दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावी आणि अध्यक्षांपुढे सहीसाठी जावी, मधला रस्ता नाही. एका विद्यार्थ्याच्या व्हिसापायी सुमारे दोनशे कायद्यांतली हीच तरतूद एका फटक्यात लंगडी झाली.

बाहेर पडल्यावर पोलिसांचे गणवेश नीट बघा. न्यायालयाच्या आवारात सुप्रीम कोर्ट पोलीस, ते न्यायालयाच्या ‘मार्शल’ या सुरक्षा अधिकाऱ्याच्या हाताखाली. रस्ता ओलांडला की कॅपिटॉल पोलीस, ते काँग्रेसच्या हाताखाली. व्हाइट हाउसभोवती सीक्रेट सर्व्हिस आणि उद्यानांत पार्क पोलीस, हे दोन्ही कार्यकारी शाखेचे. शहराचे मेट्रोपॉलिटन पोलीस आणखी वेगळे. निदर्शकांना याचा अर्थ पाठ असतो. न्यायालयाच्या संगमरवरी चौकात फलक धरून उभं राहता येत नाही, पण त्याला लागून असलेल्या पदपथावर राहता येतं, कारण पदपथ ही सार्वजनिक जागा आहे असं १९८३ मध्ये याच न्यायालयानं ठरवलं. फलक घेतलेली माणसं एका रेषेत का उभी असतात, ते पायाखालची फरशी बघितली की कळतं.

दिवस चौथा, मंगळवार : कॅपिटॉल

फेरीचं आरक्षण मोफत. प्रवेश पूर्वेकडून, जमिनीखालच्या अभ्यागत केंद्रातून. खाण्यापिण्याचं काहीही चालत नाही, पाण्याची भरलेली बाटलीसुद्धा. रिकामी बाटली चालते, आत भरून घ्यावी.

फेरीत गोल घुमट, तळघरातलं खांबांचं दालन आणि पुतळ्यांचं दालन दाखवतात. प्रत्येक राज्यानं आपल्या पसंतीचे दोन पुतळे द्यायचे, असे एकूण १०० आहेत आणि ते इमारतभर पसरलेत. कुणाला निवडायचं हे राज्याचं विधिमंडळ ठरवतं, बदलायचं असेल तरी तेच. खांबांच्या दालनात जमिनीवर एक तारा कोरलाय. शहराचे चार भाग इथूनच मोजतात, कालच्या पत्त्याचं कोडं इथं सुटतं.

पण फेरीत सभागृहं येत नाहीत, आणि तिथंच बरेच जण फसतात. सभागृहातल्या प्रेक्षक-सज्जाचा पास वेगळा असतो. अमेरिकी नागरिक तो आपल्या प्रतिनिधीकडून घेतात. परदेशी माणसानं अभ्यागत केंद्राच्या वरच्या मजल्यावर पासपोर्ट दाखवून घ्यायचा, प्रतिनिधिगृहाचा एका मेजावर, सिनेटचा दुसऱ्या. सज्जात जाण्याआधी फोन जमा करावा लागतो. कामकाज चालू आहे का, हे बाहेरूनच कळतं. ज्या सभागृहाची बैठक चालू असते त्याच्या बाजूच्या छतावर झेंडा फडकतो. रात्रीची बैठक असेल तर घुमटावरचा दिवा लागलेला असतो.

सज्जात बसल्यावर मराठी माणसाची नजर सवयीनं सत्ताधारी बाक शोधते. तो नाही. पक्ष डावी-उजवीकडे बसतात, पण सरकार म्हणून कुणी बसत नाही. कार्यकारी पद धारण करणाऱ्याला काँग्रेसचं सदस्य राहता येत नाही, असं पहिल्या कलमातच आहे. प्रश्नोत्तराचा तास नाही, अविश्वास ठराव नाही. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला भारतीय घटनेचा मसुदा मांडताना हा फरक सांगितला होता : अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व जास्त.

सिनेटमध्ये बऱ्याचदा वेगळंच दिसतं. कारकून एकेक नाव संथपणे वाचतोय, कुणी ओ देत नाही, मग शांतता. कामकाज बंद पडलंय असं समजून लोक उठतात. ही गणसंख्येची हाक आहे, आणि बहुतेक वेळा ती गणसंख्या मोजायला नव्हे तर वेळ काढायला असते. पडद्याआड वाटाघाटी चालू असतात, जमलं की कुणीतरी हाक मागे घ्यायला सांगतो आणि दोन मिनिटांत चार गोष्टी मंजूर होतात. पंधरा-वीस मिनिटं धीर धरावा. बहुतेक विधेयकांवर १०० पैकी ६० मतं मिळाल्याशिवाय चर्चा थांबवता येत नाही, म्हणून इथं सौदा हेच काम असतं. वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्या आत, कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या घरात, आणि सिनेटर दोघांचेही दोनच. आपल्या राज्यसभेत उत्तर प्रदेशला ३१, महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १ जागा आहे. तिथल्या लहान राज्यांनी फिलाडेल्फियात ही बरोबरी अडून घेतली, आणि राज्याच्या संमतीशिवाय ती घटनादुरुस्तीनंही काढता येत नाही.

तिजोरीची किल्ली याच इमारतीत असते. १ ऑक्टोबरला आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी खर्चाची विधेयकं मंजूर झाली नाहीत तर मंजुरी नसलेली खाती बंद पडतात. २०२५ मध्ये असं ४३ दिवस चाललं. अशा वेळी कॅपिटॉलच्या फेऱ्या आणि नॅशनल आर्काइव्ह्ज (घटनेची मूळ प्रत असलेलं अभिलेखागार) बंद होतात. मेरीलँडचं स्टेट हाउस (राज्याच्या विधिमंडळाची इमारत) मात्र उघडं असतं, कारण त्याचा पैसा वेगळ्या तिजोरीतून येतो. परत न मिळणारी तिकिटं काढण्याआधी बातम्या बघाव्यात.

दिवस पाचवा, बुधवार : कार्यकारी शाखा बाहेरून, घटना जवळून

व्हाइट हाउस आतून बघायला परदेशी पाहुण्यानं आपल्या दूतावासामार्फत अर्ज करायचा असतो. मिळेल असं धरून चालू नये. लाफायेत चौकातून बघावं आणि पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूनं कॅपिटॉलच्या दिशेला निघावं. मूळ आराखड्यात अध्यक्षांचं घर आणि काँग्रेस यांना एकमेकांवर सरळ रस्त्यातून नजर ठेवता येणार होती. मध्ये अर्थखात्याची इमारत आली आणि ती रेषा तुटली.

जवळच्या उद्यानांत फिरताना एक इशारा. शहरात प्रौढांना थोडा गांजा जवळ बाळगता येतो, मेरीलँडमध्येही १ जुलै २०२३ पासून. पण नॅशनल मॉल (दुकानांचा मॉल नव्हे, हिरवळीचा लांब पट्टा) ही केंद्राची जमीन आहे आणि केंद्राच्या कायद्यात तो गुन्हाच आहे. पदपथावरून हिरवळीवर पाय ठेवला की कायदा बदलतो. व्हिसावर असलेल्या माणसानं या भानगडीत कुठंच पडू नये. इमिग्रेशन हा विषय पूर्णपणे केंद्राचा, राज्यानं दिलेली मोकळीक तिथं उपयोगाची नाही.

दुपारी नॅशनल आर्काइव्ह्ज. प्रवेश मोफत, फोटोला बंदी, उजेड अगदी मंद. घटनेची चारही चर्मपत्रं ओळीनं मांडलेली आहेत. लोक पहिल्या पानावरचे मोठे शब्द बघून पुढे सरकतात. चौथ्या पानावर थांबावं. सह्यांच्या शेजारी राज्यांची नावं लिहिलीत, त्यात पेनसिल्व्हेनियाच्या स्पेलिंगात एक ‘एन’ कमी आहे. डाव्या बाजूला खाली बारीक अक्षरांत शुद्धिपत्र दिलंय : अमुक ओळीत शब्द वर घातला, पहिल्या पानावर पंधराव्या ओळीत ‘थर्टी’ हा शब्द काही अंशी खोडलेल्या जागेवर लिहिला. आता परत पहिल्या पानाशी जाऊन ती ओळ शोधा. मसुद्यात दर ४०,००० लोकांमागे जास्तीत जास्त एक प्रतिनिधी असं होतं. सह्यांच्या दिवशीच ते ३०,००० करण्याची सूचना आली आणि चार महिने अध्यक्षस्थानी गप्प बसलेले वॉशिंग्टन तिच्या बाजूनं बोलले. लेखनिक जेकब शॅलसनं चर्मपत्र खरवडून शब्द बदलला. संपूर्ण कामाचे त्याला ३० डॉलर मिळाले.

दिवस सहावा, गुरुवार : अनापोलिस

मेरीलँडची राजधानी अनापोलिसला रेल्वे जात नाही. वॉशिंग्टनपासून साधारण ५० किलोमीटर, मोटार सोयीची. स्टेट हाउसमध्ये प्रौढांना फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. विधिमंडळाच्या अखंड वापरात असलेलं देशातलं हे सर्वांत जुनं राज्यभवन, घुमट लाकडी. १७८३-८४ मध्ये काही महिने देशाची काँग्रेसही इथं भरत होती. जुन्या सिनेट दालनात वॉशिंग्टन यांचा ब्राँझचा पुतळा आहे. २३ डिसेंबर १७८३ ला त्यांनी सेनापतिपदाचा राजीनामा याच खोलीत दिला, जिंकलेलं सैन्य हाताशी असताना.

१७८६ च्या सप्टेंबरमध्ये राज्यांमधल्या व्यापाराची भांडणं सोडवायला याच गावात परिषद बोलावली होती. पाच राज्यांचे मिळून १२ जण आले, आणि यजमान मेरीलँडचा एकही नाही. त्या बारांनी पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात जमू या, असा ठराव करून काढता पाय घेतला. बँकेवरचा तो १८१८ चा करही याच इमारतीतून निघाला.

सज्जातून कामकाज बघायला गर्दी नसते. सिनेटचे ४७, प्रतिनिधींचे १४१ सदस्य. इथं आल्यावर कळतं की राज्यं ही केंद्राची लहान प्रतिकृती नाहीत. वॉशिंग्टनमध्ये कार्यकारी सत्ता एकट्या अध्यक्षात आहे. मेरीलँडमध्ये ॲटर्नी जनरल आणि कॉम्प्ट्रोलर (कर आणि हिशेब बघणारा अधिकारी) स्वतंत्र निवडून येतात, खजिनदार विधिमंडळ निवडतं, आणि मोठी कंत्राटं गव्हर्नर, कॉम्प्ट्रोलर व खजिनदार या तिघांच्या मंडळापुढे जातात. गव्हर्नर दोन मतांना एकटा पडू शकतो. उलट अंदाजपत्रकात गव्हर्नरच भारी. १९१६ पासून विधिमंडळाला त्यातल्या रकमा कापता येत, इकडून तिकडे वळवून वाढवता येत नसत. २०२० च्या सार्वमतानं हे सैल झालं. शेजारच्या व्हर्जिनियात गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहता येत नाही, तर नेब्रास्कात विधिमंडळाला सभागृहच एक. मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश लाल झगे घालतात, हे जाता जाता.

दिवस सातवा, शुक्रवार : जोन्स पॉइंट

मेट्रोनं किंग स्ट्रीट स्टेशनला उतरावं, हे व्हर्जिनियातलं अलेक्झांड्रिया. किंग स्ट्रीटवरून मोफत ट्रॉली पोटोमॅक नदीकडे जाते. तिथून दक्षिणेला चालत जोन्स पॉइंट उद्यान.

राजधानीसाठी दहा मैल लांब-रुंद चौकोन आखला गेला, तो मेरीलँड आणि व्हर्जिनिया दोघांच्या जमिनीतून. त्याचा दक्षिण टोकाचा दगड १५ एप्रिल १७९१ ला इथं रोवला. १८५५ च्या दीपगृहापुढे, नदीकाठच्या भिंतीत तो आहे. अक्षरं झिजून गेलीत. आज दगड राजधानीच्या हद्दीत नाही, कारण १८४६ मध्ये काँग्रेसनं कायदा केला, अलेक्झांड्रियाच्या मतदारांनी कौल दिला, व्हर्जिनियानं १८४७ मध्ये स्वीकार केला आणि नदीच्या या बाजूचा तुकडा परत गेला. चौथ्या कलमानुसार कुठल्याही राज्याची जमीन त्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय तोडता येत नाही. आपल्याकडे तिसऱ्या कलमात संसद राज्याचं मत मागवते, संमती नाही. १९६० मध्ये मुंबई राज्याचे दोन झाले ते संसदेच्या कायद्यानं, आणि बेळगावचा दावा महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला तो याच चौकटीत.

उरलेल्या राजधानीत सात लाखांच्या आसपास लोक राहतात. १९६१ च्या तेविसाव्या दुरुस्तीनं त्यांना अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळात तीन मतं मिळाली. १९७३ च्या कायद्यानं महापौर आणि नगरमंडळ मिळालं. पण शहराचे कायदे काँग्रेसपुढे ठेवावे लागतात आणि त्यांच्या प्रतिनिधीला सभागृहात अंतिम मत नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘प्रतिनिधित्वाशिवाय कर’ अशी तक्रार छापलेली असते, आठवडाभर ती डोळ्यांसमोरून गेलेली असेल. दिल्लीकराला हे दुखणं अर्धंमुर्धं ओळखीचं आहे.

उद्यानाच्या डोक्यावरूनच वुड्रो विल्सन पूल जातो, त्याला पादचारी मार्ग आहे. वारा जोराचा असतो, टोपी धरावी. व्हर्जिनियातून निघून मेरीलँडला पोचेपर्यंत मध्ये एका तुकड्यापुरतं आपण राजधानीच्या टोकावर असतो. खालचं पाणी व्हर्जिनियाचं नाही. मेरीलँडची जुनी हद्द व्हर्जिनियाच्या काठच्या ओहोटीच्या रेषेपर्यंत येते. १७८५ च्या करारानं नदी दोघांना वापरायला मोकळी झाली. तरी व्हर्जिनियाला पिण्याच्या पाण्याचा पाइप पात्रात टाकायचा होता तेव्हा मेरीलँडनं अडवलं, आणि दोन राज्यांचा हा दावा कनिष्ठ न्यायालयांत न जाता थेट सोमवारी पाहिलेल्या त्या नऊ खुर्च्यांपुढे गेला. २००३ मध्ये व्हर्जिनिया सात विरुद्ध दोन मतांनी जिंकलं. पूल ओलांडून मेरीलँडच्या बाजूला उतरलात तर कॉफीवर ६ टक्के कर पडेल.